गोसीखुर्दच्या पाण्यात बॅटरीवरची बोट : वायरीच्या जाडीआधी बॅटरीची बैठक

पवनी तालुक्यातल्या एका मच्छीमार संस्थेच्या तरुण भावाने विचारलं आहे. संस्थेची २२ फुटी फायबरची बोट गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात जाळी टाकायला जाते. डिझेल परवडेना म्हणून २४ व्होल्टची मोटर आणली, ती पूर्ण वेगाला ५० अँपियर ओढते. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) चार ट्यूब्युलर बॅटऱ्या जमवल्या आहेत. त्यातल्या दोन नव्या, दोन घरच्या इन्व्हर्टरवर तीन वर्षं चाललेल्या. शिवाय १२ व्होल्टचे दिवे आणि पाणी उपसायचा छोटा पंप. प्रश्न तीन आहेत : सिरीज करायच्या की पॅरलल, दुकानदार म्हणतो ती ६ स्क्वेअर एमएमची वायर चालेल का, आणि "चोवीस व्होल्टचा झटका तर लागत नाही जी, मग फ्यूज काऊन लावाचा?"

भाऊ, तिन्हींची उत्तरं देतो. पण तुमचा खरा प्रश्न यांच्या आधीचा आहे. घरी इन्व्हर्टरची वायर जळाली तर आपण अंगणात पळतो. बोटीत पळायला जागा नसते. आग पायाखाली आणि पाणी चारही बाजूंना. म्हणून बोटीतली जोडणी ठरवताना मी सगळं ठीक असताना काय होईल हे नंतर बघतो. बिघाड झाला तर करंट कुठे तुटेल आणि बोट कलली तर बॅटरी कुठे जाईल, हे आधी कागदावर काढतो. ही दोन उत्तरं पक्की झाली की वायरीची जाडी हा दहा मिनिटांचा हिशोब आहे.

मी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणि डायनॅमोपासून सुरुवात केली, पुढे सोलर पंप, आणि गेली नऊ वर्षं भंडारा-गोंदियाच्या तलावांवरच्या बोटी करतो. पहिल्याच वर्षी एका बोटीत मीही फ्यूज लावला नव्हता. कारण तेच, चोवीस व्होल्टने माणूस मरत नाही. वायर प्लायच्या आडव्या फळीतल्या भोकातून नेली होती आणि भोकाला रबर बसवलं नव्हतं. मोटरच्या थरथरीने दोन महिन्यांत प्लायच्या कडेने वायरीवरचं प्लॅस्टिक घासून काढलं. आतलं तांबं फळीच्या खिळ्याला टेकलं, आणि त्याच खिळ्याला मागे निगेटिव्हची पट्टी लागलेली. किनारा तीनशे मीटरवर होता. आधी जळक्या रबराचा वास आला, मग फळीखालून पांढरा धूर. मेन स्विच नव्हता. पान्याने नट सोडवेपर्यंत वायर लाल झाली होती, आणि माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली त्या वायरीच्या जाडीची रेघ आजही आहे. सोबतच्या दोघांनी धीर सोडला नाही म्हणून आम्ही तिघे परत आलो.

म्हणून फ्यूजच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. झटका लागणं हा व्होल्टेजचा प्रश्न आहे, आग लागणं हा करंटचा. तुमच्या एका बॅटरीची दोन टोकं पान्याने एकत्र आली तर क्षणभर हजाराच्या वर अँपियर वाहतात. पाना टर्मिनलला वेल्ड होतो. घरच्या मीटरवर मेन उडेल, खांबावरचा फ्यूज जाईल, पण बॅटरीला थांबवणारं कोणी नसतं. तिच्या पोटातलं संपेपर्यंत ती देत राहते. फ्यूज हाच तिचा लगाम आहे, आणि तो बॅटरीच्या तोंडाशीच हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कायम बिनसंरक्षण राहते, म्हणून तो तुकडा जितका छोटा तितकं बरं. अमेरिकेत बोटबांधणीचा जो नियम चालतो त्यात मूळ अंतर ७ इंच धरलेलं आहे. काही परिस्थितीत सूट आहे, पण मी आपल्याकडे वीतभराचाच नियम पाळतो. फ्यूज मोटरजवळ लावला तर मधली चार मीटर वायर उघडी पडली असं समजा.

तुमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, आणि त्या खतावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, गोसीखुर्दमध्ये माजतो. त्याची मुळं पंख्यात अडकली की पंखा थांबतो, पण चालवणाऱ्याचा हात स्विचवरच असतो. अडकलेली मोटर नेहमीच्या ५० अँपियरवर थांबत नाही, कितीतरी जास्त ओढते. त्या वेळी एकतर फ्यूज जाईल, नाहीतर मोटरची गुंडाळी. फ्यूज स्वस्त आहे. जादा दोन फ्यूज आणि एक पाना डब्यात टेपने चिकटवून ठेवा, आणि पंखा मोकळा केल्याशिवाय नवा फ्यूज घालायचा नाही, हे बोटीवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

घरच्या बोर्डातली साधी एमसीबी मात्र इथे लावू नका. घरचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबीच्या आतली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा करंट कधीच शून्यावर येत नाही. आतली ठिणगी तशीच जळत राहू शकते आणि एमसीबीच पेट घेऊ शकते. ज्यावर डीसी आणि त्याचं व्होल्टेज छापलेलं आहे, तीच घ्या. मी स्वतः मुख्य लाइनला नटाने आवळायचा पट्टी फ्यूज लावतो, कारण त्याच्या आत हलणारं काही नसतं.

आता जोडणी. मोटर २४ व्होल्टची, म्हणून १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये : पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, उरलेली दोन टोकं बाहेर. व्होल्टेजची बेरीज झाली, एएच १५० च राहिले. अशा दोन माळा एकमेकींना पॅरलल केल्या (प्लसला प्लस, मायनसला मायनस) तर २४ व्होल्ट, ३०० एएच होतात. चार बॅटऱ्यांची हीच रीत आहे. पण तुमच्या चार बॅटऱ्या मी एकत्र जोडणार नाही. जुनी आणि नवी एका माळेत आली की दोघींमधून करंट सारखाच वाहतो आणि जुनी आधी रिकामी होते. नवी तिला तशीच रेटत राहते, आणि चार्जिंगच्या वेळी जुनी आधी भरून उकळायला लागते, नवी अर्धीच राहते. सहा महिन्यांत नवीही जुनी होते. जुन्यांची वेगळी माळ करून पॅरलल केली तरी दमलेली माळ रात्रभर चांगल्या माळेतून ओढत बसते.

त्यामुळे माझा सल्ला असा की पहिल्या हंगामाला फक्त दोन नव्या लावा आणि जुन्या घरी इन्व्हर्टरला परत द्या. यात वजनाचाही प्रश्न निम्मा सुटतो. १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या वर जाते. चार म्हणजे दोनशेच्या वर, तीन दणकट माणसं कायमची बोटीत बसवल्यासारखी, वर जाळं, मासळी आणि तुम्ही. ही माणसं बोट कलली की स्वतःला सावरत नाहीत, खालच्या अंगाला घसरतात आणि बोट आणखी कलते. ट्यूब्युलर बॅटरी उंच असते, त्यामुळे ती आधी लवंडते.

दोन बॅटऱ्या पुरतील का, हे तुमच्या फेरीवर आहे. बॅटरीवर लिहिलेले १५० एएच हे दहा किंवा वीस तासांत हळूहळू वापरल्यावरचे असतात, म्हणजे १५ किंवा साडेसात अँपियरने. एकदम ५० ओढले तर हाती त्याहून बरंच कमी लागतं. शिवाय अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. दोन बॅटऱ्यांवर पूर्ण वेगाने मी तासाभराचाच भरवसा धरीन. पण मोटर निम्म्या करंटवर, २५ अँपियरवर चालवली तर वेग निम्मा होत नाही, साधारण पाचवा हिस्साच घटतो, आणि वेळ अडीच तासांपर्यंत जातो. जाळ्यापर्यंत जाऊन येण्याला यापेक्षा जास्त लागत असेल तरच चार घ्या, आणि चारही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. वल्ही मात्र दोन्ही वेळा सोबत हवीतच.

चार घेतल्याच तर दोन माळांचे प्लस आणि दोन माळांचे मायनस तांब्याच्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे बसबारवर आणा. प्रत्येक माळेपासून बसबारपर्यंतच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या ठेवा. एक फूटभर आणि दुसरी तीन फूट असेल तर छोट्या वायरीची माळ जास्त राबते आणि लवकर जाते. प्रत्येक माळेला तिच्या प्लसशी स्वतंत्र फ्यूज द्या, कारण एका माळेत सेल शॉर्ट झाला तर दुसरी माळ तिच्यात करंट ओतायला लागते. बसबारच्या पुढे मोटरच्या लाइनला पुन्हा वेगळा फ्यूज लागतो. दोन माळांचे फ्यूज मिळून जेवढं सोडतील तेवढं ती वायर सोसणार नाही.

वायरीचं गणित करून दाखवतो, म्हणजे दुकानात तुम्हालाच सांगता येईल. बॅटरी ते मोटर ४ मीटर धरा, जाऊन-येऊन ८ मीटर. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत या ८ मीटरला जवळपास ०.०२३ ओहम भरतात. ५० अँपियरला १.१७ व्होल्ट वायरीतच जातात आणि ५८ वॉट उष्णता वायर पिते. ती फळीखाली, जाळ्याखाली दबलेली, आणि वर आपला मे महिना, जिथे सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. वायरीवर छापलेली क्षमता अशा उन्हासाठी नसते. तीच लांबी २५ स्क्वेअर एमएममध्ये घेतली तर ०.२८ व्होल्ट जातात आणि १४ वॉट. म्हणून २५ घ्या. फ्यूज ८० अँपियरचा. फ्यूज नेहमी वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या क्षमतेखाली आणि मोटरच्या नेहमीच्या करंटवर बसवायचा. मोटरच्या पाटीवर ५० पेक्षा वेगळा आकडा असेल तर हे सगळं त्या आकड्यावरून पुन्हा काढा.

वायर बारीक तारांची, लवचिक हवी. घरातली कडक वायर थरथरीने आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. ॲल्युमिनियम तर नकोच. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. गोसीखुर्दला कोकणासारखं खारं पाणी नाही, पण दमट हवा आणि ॲसिडची वाफ साध्या तांब्याला हिरवी बुरशी आणते आणि ती लगमधून (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आत सरकत जाते.

बहुतेक बोटींचं दुखणं वायरीत नसून सांध्यात असतं. पक्कडीने दाबलेला किंवा हातोडीने ठोकलेला लग बघायला घट्ट वाटतो. त्याचा सांधा ०.०२ ओहमचा जरी झाला तरी ५० अँपियरला त्या इंचभर जागेत ५० वॉट जळतात, जणू कथिलाचा डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून टर्मिनलवर टेकवलं आहे. मी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबतो, मग लगचा एक नमुना करवतीने मधून कापून बघतो. तारा एकजीव होऊन भरीव तांब्यासारखा काप दिसला तर तो दाब बरोबर. मध्ये काळ्या फटी दिसल्या तर लग किंवा डाय (क्रिंपरचा दाबायचा साचा) चुकली आहे. हे यंत्र गावात नसेल तर वायरी मापून घ्या आणि पवनी किंवा भंडाऱ्याला जिथे असेल तिथून लग दाबून आणा. वरून आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळते ती नळी) चढवा. व्हॅसलीन नट आवळल्यावर बाहेरून लावा. लग आणि टर्मिनलच्या मध्ये कोरडं, घासलेलं धातूच हवं. आणि प्रत्येक भोकाला रबराचा ग्रोमेट बसवा. हे मी का सांगतो ते वर लिहिलंच आहे.

दिवे १२ व्होल्टचे आहेत म्हणून दोनांपैकी एका बॅटरीवरून १२ काढायचा मोह होईल. जवळजवळ प्रत्येक गावात हे केलेलं दिसतं. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, आणि चार्जर दोघींना एकत्र बघतो, त्यामुळे दुसरी जास्त भरून तिचं पाणी आटतं. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा किंवा २४ व्होल्टचेच दिवे घ्या. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळतात. दिव्यांना २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि १० अँपियरचा फ्यूज. पाणी उपसायचा पंप मात्र (तोही १२ चा असेल तर कन्व्हर्टरमार्फतच) मेन स्विचच्या आधीपासून, स्वतःच्या फ्यूजवर द्या. रात्री बोट बांधून मेन बंद केला आणि पावसाचं पाणी साचलं तर तोच पंप लागणार आहे.

मेन स्विच चालवणाऱ्याच्या हाताशी, बॅटरीच्या खोक्याच्या बाहेर. बाहेर का, तर चार्ज होताना आणि विशेषतः भरत आल्यावर ट्यूब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीने फुटतो. तो हलका असल्यामुळे खोक्याच्या झाकणाखाली जमतो. म्हणून खोक्याला दोन्ही अंगांनी, अगदी वरच्या कडेला भोकं हवीत, आणि फ्यूज, स्विच, बसबार हे ठिणगी पडू शकणारं सगळं खोक्याच्या भिंतीबाहेर, टर्मिनलपासून वीतभर अंतर राखून. चार्जिंग करताना झाकण काढूनच ठेवा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका. बॅटरी फुटण्याच्या ज्या घटना मी पाहिल्या त्या चिमटा काढतानाच्या होत्या.

खोकं बोटीच्या मध्यावर, तळाला लागून. खाली ॲसिड सोसणारा प्लॅस्टिकचा ट्रे आणि रबर, बाजूला हलायला बोटभरही जागा नको, आणि वरून ट्रकवर माल बांधायची रॅचेट पट्टी. ती पट्टी झाकणाच्या प्लायला अडकवू नका, बोटीच्या फायबरमध्ये बसवलेल्या कड्यांना अडकवा. बसवून झालं की बोट काठावर असताना चौघांनी एक बाजू उचलून पंचेचाळीस अंशांपर्यंत कलवून बघा. बॅटरी खोक्यात सरकल्याचा आवाज आला तर पट्टी पुन्हा बांधायची. ट्यूब्युलर बॅटरी मुळात घरात एका जागी उभी राहण्यासाठी आहे, कलल्यावर तिचं ॲसिड बूचातून येऊ शकतं. हे मी लपवणार नाही. पुढच्या वेळी घेताना सीलबंद बॅटरीचा किंवा लिथियम फॉस्फेटचा विचार करा. लिथियमचं वजन निम्म्याहून कमी भरतं. मात्र तिच्या आतलं संरक्षण सर्किट न सांगता करंट तोडतं, म्हणून दिव्यांसाठी वेगळी छोटी बॅटरी लागतेच.

कोणाकडे पत्र्याची नाव असेल तर आणखी एक. ट्रॅक्टरसारखं बॉडीला निगेटिव्ह देऊ नका. प्लस-मायनस दोन्ही वायरीनेच न्या. पाण्यात उभ्या असलेल्या पत्र्यातून करंट गेला की पत्रा गंजून खाल्ला जातो आणि तळाला भोकं पडतात.

आता उन्हाळ्यातलं चार्जिंग. चार्जर बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याचा घ्या, दोन बॅटऱ्यांच्या माळेला १५ अँपियर. बॅटरी तापलेली असताना कमी व्होल्टेजवर भरते. २५ अंशांना एका बॅटरीला १४.४ व्होल्ट लागत असतील तर ४५ अंशांना १३.९ च्या आसपास पुरतात. तापमान ओळखणारा चार्जर नसेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चार्ज करू नका, रात्री करा. सोलर पॅनल लावणार असाल तर कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, नंतर पॅनल. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर, खुणेपर्यंत. आपल्या विहिरीचं किंवा आरओचं पाणी नको आणि ॲसिड तर कधीच नाही.

जोडताना हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा. चष्मा घाला. शेजारी बादलीभर स्वच्छ पाणी आणि अर्धा किलो खाण्याचा सोडा. ॲसिड डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धूत राहा आणि मग दवाखाना. सोडा सांडलेल्या ॲसिडवर टाकायचा, डोळ्यात नाही. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. त्याआधी मीटरने प्लस-मायनस दोनदा तपासा.

क्रम थोडक्यात : दोन नव्या बॅटऱ्या सिरीज, प्लसपासून वीतभरावर ८० चा फ्यूज, मग मेन स्विच, मग २५ स्क्वेअर एमएमने मोटर. पंपाची लाइन स्विचच्या आधी.

पहिल्या दिवशी जाळं घेऊ नका. लाइफ जॅकेट घालून दोघांनीच, काठाला लागून, पूर्ण वेगाने वीस मिनिटं फिरवा. परत येऊन मेन बंद करा आणि लगेच प्रत्येक सांध्याला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. ज्या सांध्यावर हात ठेवता येत नाही तो उघडा, घासा, पुन्हा आवळा. आठ दिवसांनी सगळे नट एकदा परत आवळा, कारण शिसं दबतं आणि पहिल्या आठवड्यात नट सैल पडतातच. त्याच दिवशी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज तासभर विश्रांतीनंतर वेगवेगळं मोजून खोक्याच्या झाकणावर तारखेसह लिहा. दोघींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मोटरच्या पाटीचा आणि जोडणीचा फोटो टाका, मी बघून सांगतो.